डोहातलं बाळंतपण

जसोदाबाई बांधावरून खाली उतरली तेव्हा खदानीवरचा गडी वाहरू दगडाला सुरुंगाची नळकांडी बांधत होता. तिचा दीर भाईदास डोहाच्या काठावर उभा राहून पाण्याचा अंदाज घेत होता.

"भाभी, तू आठे कशी?" भाईदास दचकलाच.

"नळकांड्या खदानीमाईन आन्यात ना? खदानीमाच ऱ्हाऊ दे त्या."

भाईदासकडे शहाद्याच्या सडकेला खडी पुरवायचं काम होतं. आज सडकेचा साहेब पाहणीला येणार होता आणि त्यानं आधीच निरोप धाडला होता, जेवायला तापीतला ताजा मासा हवा. पुढच्या सडकेचं कामही त्याच्याच हातात होतं. भाद्रपदाचं पाणी ओसरत आलेलं, प्रकाशा गावाखालच्या या डोहात पालवा मासा खच्चून भरलेला. एक धमाका केला की पाट्या भरून मासे वर येणार.

"आपला घरमां मासानं नाव काढत नहीत," जसोदाबाई म्हणाली, "आनि तू पुरा डोह माराले निंघना?"

"मी थोडाच मासा खास? साहेब खाई."

"चुनीलालले मी सबद दियेल शे."

चुनीलाल तिचा मुलगा. मुंबईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. पालवा राहतो समुद्रात, पण पावसाळ्यात सुरतेच्या खाडीतून तापीला चढून येतो आणि गोड्या पाण्यात अंडी घालतो. तापीवर तेव्हा धरण नव्हतं. तो नेमका कुठवर येतो, हे चुनीलालला शोधायचं होतं. सगळा श्रावण त्यानं याच काठावर काढला आणि शेवटी या डोहात त्याला पालव्याची अंडी सापडली. आता पिल्लं समुद्राला लागतात का, ते पाहायला तो सुरतेला गेला होता. जाताना आईला एवढंच म्हणाला होता, सुरुंग लागला तर मोठ्या माशांबरोबर अंडी-पिल्लंही जातील. मी येईपर्यंत डोहाला कुणाला हात लावू देऊ नकोस.

माशाच्या नादापायी पोरगा बाटला, म्हणून दोन वर्षं तिनं त्याला चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं. तरी शब्द दिला होता.

"पोरगं खुळं शे," भाईदास म्हणाला. "तापीमां मासा का कमी शेतस?"

"त्या पोटुश्या शेतस, भाईदास. समुद्रथीन येल शेतस. माहेरले बाळंतपनले येल पोरना आंगवर कोनी घर पाडस का?"

भाईदास वाहरूकडे वळून म्हणाला, "वात लाव."

जसोदाबाईनं पदर कमरेला खोचला आणि सरळ पाण्यात शिरली. गुडघे बुडाले, कंबर बुडाली. पाणी छातीला लागलं तेव्हा ती वळून उभी राहिली.

वाहरूनं हातातली काडी विझवली. "बाई पानीमां शे, मालक."

"मले दिखस." भाईदासनं वाहरूला दगड खाली ठेवायला लावला आणि पाळीवर बसला. "थकशी, मंग निंघशी."

ऊन डोक्यावर आलं. जसोदाबाईचे ओठ निळे पडले. पायाखालची वाळू सारखी सरकत होती, पोटऱ्यांना काहीतरी गार, गुळगुळीत घासून जात होतं. प्रत्येक वेळी तिच्या अंगावर शहारा यायचा. तिनं डोळे मिटून घेतले, पण जागा सोडली नाही.

मग एकदम वाळू निसटली. पाण्यावर फक्त तिचा हात दिसला, मग तोही दिसेना.

"भाभी!"

भाईदास धोतरासकट पाण्यात धावला. तिच्यापर्यंत पोचायच्या आत ती खोकत, ठसकत वर आली. केस तोंडावर चिकटलेले. समोर भाईदास हात पुढे करून उभा.

"मांगे जाय," ती म्हणाली.

"भाभी, मरशी ना तू!"

"मांगे जाय. नळकांड्या गाडीवर ठेव. मंग मी येस."

भाईदास कंबरभर पाण्यात तसाच उभा राहिला. थोरल्या भावाच्या माघारी याच बाईनं दोन्ही घरची शेती सांभाळली होती. ती एकदा बोलली की मागे फिरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बऱ्याच वेळानं त्यानं वाहरूला खूण केली. वाहरूनं नळकांडी सोडली आणि जवळजवळ पळतच गाडीकडे नेली.

"साहेबले काय वाढू आते?" भाईदास रडकुंडीला आला. "नवं काम गयं म्हनीसन समज."

"वरण-बट्टी वाढ. मी करस."

घरी दारातच धाकटी जाऊ सिंधुबाई आडवी आली. गावभर बातमी झाली होती. "भाभी, मासासना पानीमाईन उनी तू. पहिले आंग धोय, मंग चुलाजोडे जाय."

"तापीमायना पानीमाईन उनू मी," जसोदाबाई म्हणाली. "आखो कोनता पानीवरी आंग धवू?"

सिंधुबाई बाजूला झाली.

जसोदाबाईनं नुसतं लुगडं पिळलं आणि तशीच ओलेती परातीपुढे बसून पीठ मळायला घेतलं. पीठ घट्ट मळलं जात होतं. गोवऱ्यांची पाटी आणून भाईदासनं तिच्याजवळ ठेवली आणि साहेबाच्या वाटेकडे पाहत ओट्यावर जाऊन बसला. तिच्या लुगड्यातून निथळलेल्या पाण्याची बारीक धार सारवलेल्या जमिनीवरून वळणं घेत उंबऱ्याकडे निघाली होती.