काळविटांमधली वाट

सत्त्याहत्तर साली धरणाचं पाणी चढलं आणि आमच्या टेकडीचं बेट झालं. बा खाली उतरला नाही. "वाहून गेला" असं लिहून साहेब मोकळा झाला. इकडं फिरकलासुद्धा नाही. म्हणून मी आणि माझी बायको विजयमाला नावेनं आलो, माळावर तंबू ठोकला आणि दिवसभर घळ अन् घळ पालथी घातली. जिता सापडला तर घरी न्यायचा, नाहीतर हाडं तरी.

दिवस कलला. वारा उभं राहू देईना.

"अवं, मामंजी न्हाईत हितं," विजयमाला म्हणाली. "किती हिंडवताय? तुमच्यापरीस ती जनावरं शहाणी, गप बसल्याती की."

बेटावर अडकलेली काळविटं समोर गवतात दाटीनं बसली होती. पलीकडच्या टोकाचं एक उठलं आणि बाजूला झालं. मग त्याच्या अलीकडचं. मेंढरं धनगराला वाट देतात तशी, न घाबरता. कळपातून एका माणसापुरती वाट आमच्याकडं सरकत आली. वाटेत कुणीच नव्हतं.

"बा?" मी म्हणालो.

तंबूजवळचं शेवटचं काळवीट बाजूला झालं. विजयमालानं माझ्याकडं न बघता डोक्यावर पदर घेतला आणि तीही बाजूला झाली.