वॉकलीचा चढ

डेरेकने टेबलावरची वही उचलली, खुर्चीत ठेवली आणि तिच्यावर बसला.

"आता बोल," तो म्हणाला.

क्लिफर्डने हात पुढे केला. वही दे, अशी खूण केली. डेरेक ढिम्म हलला नाही.

क्लिफर्ड इबटसनच्या घशातली गाठ स्वरयंत्रासकट काढली, त्याला अकरा आठवडे झाले होते. गळ्याला आता एक भोक होतं आणि आत चिमुकली झडप. भोकावर अंगठा दाबून श्वास सोडला की आवाज फुटतो, असं हॉस्पिटलातल्या बाईंनी शिकवलं होतं. त्याने घरी एकदाच करून पाहिलं. पत्रा खरवडावा तसा आवाज निघाला, आणि तो ऐकून त्याची मुलगी गिलियन पटकन पाठमोरी झाली. त्या दिवसापासून क्लिफर्ड वहीवर लिहायचा. आत्ता सवय केली नाही तर पुढे फार जड जाईल, असं बाई दोनदा बजावून गेल्या होत्या. त्याने तेव्हाही वहीवर 'बरं' एवढंच लिहिलं होतं.

डेरेक स्टॅनिफर्थ दर शनिवारी दुपारी यायचा. तरुणपणी दोघं शेफिल्डच्या एकाच पोलाद कारखान्यात, एकाच भट्टीवर होते. बाकी सगळं उलटं. फुटबॉलमध्ये क्लिफर्ड वेन्सडे क्लबचा, निळ्या पट्ट्यांचा. डेरेक युनायटेडचा, लाल पट्ट्यांचा. त्या शहरात दोन्हीकडचे लोक एकमेकांना डुक्कर म्हणतात, आणि या दोघांना एकमेकांची खरी नावं लग्नात नाहीतर मयतीला, तेवढ्यापुरतीच आठवायची.

"वही मिळायची नाही, डुकरा. तोंडाने माग."

क्लिफर्डने हाताची घडी घातली.

"बरं. मग मी बोलतो, तू ऐक. एक्क्याण्णव साली तुम्ही म्हणे कप जिंकलात. कसला रे कप? चहाचा?"

क्लिफर्डच्या भुवया चढल्या.

"आणि त्र्याण्णवची सेमीफायनल. वेम्बलीवरची. ती आम्ही सोडून दिली तुम्हाला. दया आली. म्हटलं, जाऊ दे, गरीब आहेत बिचारे."

क्लिफर्डचा उजवा हात घडीतून सुटला, गळ्याच्या दिशेने निम्म्यावर आला आणि परत खाली गेला. भांडी घासणाऱ्या गिलियनने ते पाहिलं. तिचे हात साबणाच्या पाण्यात तसेच थांबले.

डेरेकनेही पाहिलं होतं. तो पुढे सरसावला. वेन्सडेचा गोलकीपर, वेन्सडेचं मैदान, तिथे मिळणारे तुकडे पडलेले पाव, काही म्हणून सोडलं नाही. चिडून क्लिफर्डचे कान लाल झाले, पण ओठ घट्ट मिटलेलेच. शेवटी त्याने डोळेही मिटून घेतले.

"डेरेककाका, पुरे आता," गिलियन हळूच म्हणाली. "बाबा दमलेत."

चहा गार झाला होता, तरी डेरेकने दोन घोट घेतले. पुन्हा बोलला तेव्हा आवाजातली सगळी मस्ती गेली होती.

"एकोणऐंशीचा नाताळ आठवतो? दुसऱ्या दिवशीची मॅच, तुमच्या मैदानावर. मॅच सुटली आणि बघतो तर तू गेटपाशी माझी वाट बघत उभा. तुमची माणसं गाणी म्हणत चाललेली. मला वाटलं, मेलो, आता हा घरापर्यंत मला सोलत नेणार. माझ्या घराकडचा, वॉकलीचा सगळा चढ आपण चढलो. तू एक अक्षर बोलला नाहीस. माझ्या दारापाशी पाठीवर एक थाप मारलीस आणि गेलास." तो आपल्या तळहातांकडे बघत होता. "पाच गोल खाऊन घरी निघालेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं? तुझं ते गप्प बसणं मी जन्मात विसरलो नाही, क्लिफर्ड. पण हे आत्ताचं नाही रे सोसत मला."

क्लिफर्डने डोळे उघडले. आधी त्याला वाटलं, आपण नाव ऐकून डोळे उघडले. मग कळलं, नावामुळे नाही.

पाच.

त्याने बोटाने वहीकडे खूण केली. डेरेकची मान खाली होती, त्याला दिसलं नाही. क्लिफर्डने टेबलावर टकटक केलं. डेरेकने वर पाहिलंच नाही. त्याचे खांदे हलत होते. क्लिफर्ड बेचैन झाला. एवढा लांबलचक चढ हा माणूस मान खाली घालून चढला होता, आणि त्याच्या माथी न खाल्लेला एक गोल मारायचा? आणि तोही त्याने स्वतःच?

त्याने श्वास भरून घेतला. अंगठा गळ्यावर दाबला.

"चार."

पत्रा खरवडला गेला. गिलियनने नळ बंद केला.

"काय?" डेरेक म्हणाला.

"चार." क्लिफर्ड थांबला, पुन्हा श्वास घेतला, अंगठा नीट बसवला. "पाच... नाही. चारच."

गेली चाळीस वर्षं पबमध्ये कुणी तो आकडा नुसता काढला, तरी डेरेक भरलेला ग्लास तसाच ठेवून घरी निघून जायचा. आता त्याने बाहीने नाक पुसलं आणि खुर्ची ओढत ओढत इतकी जवळ आणली, की दोघांचे गुडघे एकमेकांना लागले.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "पहिला गोल कसा झाला तिथून. आणि घाई करू नकोस."