गोमाजी डावीकडून आला

गोमाजीच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सखूबाई एकटीच मैदानावर आली, तेव्हा तिच्या नवऱ्याचे चाहते त्याच्याच गोलावरून हुज्जत घालत बसले होते.

नाचणगावातलं शाळेमागचं ते मैदान. नदीकडून धुकं चढलं होतं; पलीकडचा गोलखांब मधेच दिसायचा, मधेच नाहीसा व्हायचा. फुटबॉलमध्ये गोमाजी डाव्या कडेनं खेळायचा. समुद्रपूरच्या संघावर त्यानं केलेला गोल म्हणजे गावाची जणू सामाईक इस्टेट. गोल एकच, पण त्यात चकवलेले गडी दर पोळ्याला वाढत गेले. तेव्हा तीन होते, आता रूपरावांच्या तोंडी सात झाले होते.

"सात नाई, पाच," चंदन म्हणाला. त्यानं तो सामना बापाच्या खांद्यावर बसून पाहिला होता. आता त्याला नातू झालाय, तरी या मंडळींच्या लेखी तो अजून पोरच.

"तू लहान होता. तुले काय दिसलं?" रूपराव म्हणाले.

"सगळ्यायच्या वर मीच बसलो होतो ना!"

सखूबाईला पाहून सगळे सावरून बसले. रूपराव गुडघ्यावर हात टेकत उठले. तिला मैदानावर आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, काऊन आल्या इकडं? काही पाहिजे का?"

"मले दाखवा," सखूबाई म्हणाली. "हे कसे धावत, ते मले एकदा दाखवा."

चंदनही उठून उभा राहिला, तशी ती पुढे बोलू लागली.

"जो येते तो सांगून राह्यला, वहिनी, काय धावे गोमाजी! मी मान हलवते. मी कुठं पाह्यलं? सामना राहे आइतवारी. मी कापूस वेचाले जात होती. यायले विचारलं तं म्हणत, काय पाह्यतं त्याच्यात, धावतो अन् घरी येतो." ती थांबली. "मंदाबाई इथं फुटाणे विके, तिनंई पाह्यलं. साऱ्या गावानं पाह्यलं, भाऊजी. मीच राह्यली. मले त्यायचे पाय सुजलेलेच माहीत. तेल लावून देत होती ना मी."

 आताची पोरं खेळ कमी आणि मोबाइलवर शूटिंग जास्त करतात. गोमाजीच्या धावण्याचा मात्र साधा एक फोटोही कोणाकडे नव्हता. दाखवायचं तर काय दाखवायचं? रूपरावांनी धोतराचा सोगा खोचला आणि कडेनं स्वतःच धाव घेतली. थोडं अंतर गेले आणि खोकल्यानं त्यांना वाकवलं. मग चंदन धावला. पोट आधी, चंदन मागून. त्याची एक चप्पल वाटेतच राहिली.

सखूबाईनं दोघांकडेही नीट, मनापासून पाहिलं.

"असे नसन धावत," ती म्हणाली.

 रूपराव ओशाळून घाम पुसत राहिले. ती जायला वळली, तसे ते घाईघाईनं बोलले, "वहिनी, थांबा. आम्ही कुठं खेळलो कधी? आम्ही तं पाहत होतो. अन् मी इथून पाहतच नव्हतो. माही जागा तिकडं, बाभळीखाली."

ते तसेच चालत बाभळीखाली जाऊन उभे राहिले. नाचणगावात सामना पाहायची ज्याची त्याची जागा ठरलेली असे. रोहण्याहून जावई आला तरी त्याला कोणी आपली जागा देत नसे. त्यानं आपली शोधावी. चंदननं बापाचा खांदा कुठून आणायचा? तो मैदान सपाट करायच्या दगडी रुळावर चढला. बाकीचेही काही न बोलता पांगले, कोणी भिंतीपाशी, कोणी उतारावर. शेजारच्या घरातून मंदाबाई रिकाम्या हातांनी आली आणि कोपऱ्याच्या खुणेजवळ जाऊन बसली, जिथं तिची टोपली असायची. एकट्या सखूबाईची अशी जागा नव्हती. ती आपली मैदानातच उभी राहिली.

धुक्यात सगळी माणसं थोडी थोडी पुसल्यासारखी दिसत होती. म्हातारी होती की तरुण, तेही नीट कळत नव्हतं.

"बॉल आला," बाभळीखालून रूपराव हलकेच म्हणाले.

सगळ्या माना डाव्या कडेकडे वळल्या. आणि तिथं थांबल्या नाहीत. कडेकडेनं सरकू लागल्या, आधी सावकाश, मग वेगानं, सगळ्या एकदम. मधेच एकदम थबकल्या, पुन्हा निघाल्या. पाच की सात, हा वाद आता कोणाच्या लक्षातही नव्हता. सगळे एकाच ठिकाणी थबकत होते आणि एकाच क्षणी निघत होते. मंदाबाई बसल्या जागी अर्धी उठली. रुळावर चंदन टाचा उंचावून उभा होता आणि त्याचा चेहरा सहा वर्षांच्या पोराचा झाला होता.

सखूबाईनं आधी रूपरावांकडे पाहिलं. मग ते बघत होते तिकडे. तिथं ओलं गवत होतं, धुकं होतं. ती पुन्हा त्यांच्या डोळ्यांकडे वळली, मग मंदाबाईच्या, मग चंदनच्या. हळूहळू तिला चेहऱ्यांकडे बघायची गरज उरली नाही. तिचीही मान त्यांच्या मानांबरोबर फिरू लागली.

मग त्या नजरा कड सोडून आत वळल्या. गोलाकडे. वाटेत ती उभी होती. नजरा जवळ येत होत्या, आणखी जवळ. रूपरावांनी आ वासला, हात वर गेले.

सखूबाईनं लगबगीनं पदर डोक्यावर ओढला आणि येणाऱ्याला वाट देण्यासाठी ती बाजूला सरली.