अक्रोडाचं रोप
बिश्केकबाहेरच्या नव्या वस्तीत बेगिमायच्या अंगणात एकही झाड नव्हतं म्हणून सासूबाई तिला रोपांच्या बाजारात घेऊन आल्या. "अंगण लहान असेल तर जर्दाळू न्या, लवकर फळतो," रोपवाला म्हणाला. "अक्रोड पसरतो, शिवाय फळायला निम्मं आयुष्य खातो." "तूच निवड गं, अंगण तुझंच," सासूबाई हसल्या. कामासाठी मॉस्कोला गेलेल्या नवऱ्यानं तिथं दुसरं लग्न केल्याचं बेगिमायला कालच कळलं होतं. ती हळूच म्हणाली, "आई, तुम्हीच निवडा. मी माहेरी निघालेय, कायमची." सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "अक्रोड द्या," त्या रोपवाल्याला म्हणाल्या. रस्ताभर त्यांनी हात सोडला नाही. घरी येताच फाटकाला आतून कुलूप घालून त्यांनी बेगिमायच्या हाती कुदळ दिली. "मलाही माझ्या सासूनं जाऊ दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "खण." बेगिमाय खणू लागली. सासूबाई रोप धरून उभ्या राहिल्या.