रिकामे जबडे

जबड्यांसारखी चारही पानं काळी पडली होती. बाईंनी कुंडी उचलून वर्गासमोर धरली.

"कीटक खाणारं झाड आहे हे, खेळणं नाही! काडी घालून कोणी डिवचलं?"

सगळ्यांच्या माना खाली. बाईंची नजर भिंगरीवर थांबली. हा मुलगा एका जागी बसत नसे, म्हणून बाईंनीच ठेवलेलं हे नाव. मधल्या सुट्टीत तो दोनदा कुंडीपाशी दिसला होता.

"आईशपथ, बाई, मी नाही! मी नुसतं बघत होतो."

"चोर तो चोर, वर शिरजोर. हो बाहेर!"

भिंगरी गेला. त्याचे कान लाल झाले होते.

झाड पहिल्या बाकावरच्या मुलीचं. तिने दोन वर्षं खिडकीत वाढवलेलं, पंधरा दिवसांसाठी शाळेत आणलेलं. वर्ग लिहिण्यात गुंतल्यावर ती टेबलापाशी आली.

"बाई, त्याला आत घ्या ना. त्याने नाही केलं."

"मग कोणी? झाड तुझं, आणि तूच पाठीशी घालतेस? नाव सांग."

मुलगी कुंडीच्या काठावरची माती बोटाने पुसत राहिली.

"नाही सांगता येत, बाई. आई म्हणते, मोठ्यांची चूक काढू नये."

बाईंना आधी कळलंच नाही. मग हातातलं पेन जड झालं.

याच पेनाच्या टोकाने त्यांनी मुख्याध्यापकांना जबडा मिटवून दाखवला होता. मग पाचवीच्या दोन्ही तुकड्यांना. मग पालकांना, शिपायाला, शिपायाच्या भावाला. दर वेळी, "बघा हं, आता गंमत!" आणि पहिल्याच दिवशी ही मुलगी म्हणाली होती, "बाई, उगाच मिटवू नका. रिकामं मिटायलाही त्याची ताकद जाते. चार-पाचदा झालं की पान मरतं."

"बरं हं, आजीबाई!" म्हणून बाई हसल्या होत्या. साऱ्या वर्गाने ते ऐकलं होतं.

बाई उठल्या. साठ डोळे त्यांच्या मागे दारापर्यंत गेले. बाहेर भिंगरी भिंतीला पाठ लावून उभा होता. बाई त्याच्या शेजारी जाऊन तशाच उभ्या राहिल्या.

तो घाबरला. "काय झालं, बाई?"

"तू आत जा बाळा," बाई म्हणाल्या. "इथे मी उभं राहायला हवं होतं."