समुद्रातले एक्केचाळीस ठिपके

“एक्केचाळीस ओळी पुसल्यास तू,” म्हातारी म्हणाली. “त्या परत घाल. तोवर मी इथून हलत नाही.”

आणि ती खरोखरच बसली. राजधानी सुवातल्या त्या सरकारी कचेरीत खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिने नकाशे करणाऱ्या आपेनिसाच्या टेबलासमोर चटई अंथरली, तीही बरोबर दाराच्या वाटेत. बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोण ओलांडणार? शिपाई दोनदा कमरेत वाकून, माफी मागत तिच्या कडेने गेला.

मेलाइया तिचं नाव. नुकुवाई गावाहून सतरा तास बोटीने आली होती. पाहुण्याने भेट म्हणून कावाची, म्हणजे पेय करायच्या झाडाची, मुळी आणायची रीत आहे. हिने मात्र एक हिरवा नारळ आणला होता, तोही सोलून. बसण्याआधी तिने तो टेबलावर ठेवला होता.

“घे. तुझाच आहे.”

“लाच समजू का, आजी?”

“एका नारळात विकला जाणारा दिसत नाहीस. पी.”

तो प्यायला. पाणी गोड होतं, शेवटी किंचित खारट लागलं. कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असतो, ‘तू कुठला?’ तो तिने विचारला नाही, याचं आपेनिसाला बरंच वाटलं. बापाचं गाव तो सांगे. आईचं त्याला सांगता येत नसे. बापाने तिला पळवून आणलं होतं, आणि ती वारल्यावर तिच्या माहेराचं नाव घरात कधी निघालं नाही.

तीन वाजता समिती बसायची होती. बारा गावांपैकी चार गावांना समुद्राला अडवणारी भिंत मिळणार होती. किनारा किती मागे हटला, हे ज्यांच्या नकाशावर दिसेल त्यांनाच. बाकीच्यांनी बाडबिस्तरा गुंडाळून डोंगरावर जायचं.

गावागावांतून पावसाचे, भरतीचे, किनाऱ्याचे तक्ते आले होते. ते नकाशावर चढवणं हे आपेनिसाचं काम. वाटतं तेवढं ते सोपं नाही. दर खेपेला एखादं गाव उणे चिन्ह विसरून उत्तर गोलार्धात जाऊन पडतं. एखादं अक्षांशाच्या जागी रेखांश लिहितं आणि पृथ्वीच्याच बाहेर जातं. नुकुवाईच्या तक्त्यात त्रेसष्ट ओळी होत्या, आणि त्यांतले एक्केचाळीस ठिपके समुद्रात पडले होते. आपेनिसाने ते एका फटक्यात पुसले होते आणि गावाला तसं कळवलं होतं.

त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “हा तुमचा किनारा. हे ठिपके पाण्यात होते. चुकलेला ठिपका काढायचा, असा नियम आहे.”

“नियम कुणी केला?”

“तज्ज्ञांनी.”

“ते आले होते नुकुवाईला?”

“नाही.”

“मग कुठल्या खिडकीतून दिसलं त्यांना, जमीन कुठे नि पाणी कुठे?”

आपेनिसाला हसूही आलं आणि रागही आला. “बरं, ही सालं बघा. छत्तीस, अठ्ठावन्न, एकोणऐंशी. एकोणऐंशीत मी जन्मलो, आजी. तेव्हा जीपीएस कुणी पाहिलं होतं? मोजणी काय माशांनी केली?”

“मोजणी गेल्या महिन्यात केली. शाळेच्या मास्तरने, होडीत बसून, फोनवर.”

“मग हे साल कसलं?”

“नावांचा रकाना कुठे गेला?”

“झाकला. नकाशाला नावं लागत नाहीत.”

“लागतात.”

अडीच वाजले होते. “आजी, आता उठा बघू. नाहीतर...”

“नाहीतर काय, बुडवशील? ते काम समुद्र करतोय. तू रांगेत उभा राहा.”

शिपाई खुदकन हसला आणि फाइल घेऊन पसार झाला.

मेलाइयाने पाय दुमडून घेतले. “पोर जन्मलं की नाळ पुरायची आणि त्यावर नारळ लावायचा. ठाऊक आहे ना? का शहरात तेही विसरलात?”

“ठाऊक आहे. इथे लावणार कुठे?”

“आम्ही लावतो. पहिलं झाड किनाऱ्याला, पुढचं त्याच्यामागे, जमिनीकडे. साल आहे ते पोराचं. ठिपका आहे तो झाडाचा. समुद्रात नारळ लावायला आम्ही काही खुळे नाही. लावला तेव्हा तिथे जमीन होती.”

आपेनिसाने पडद्यावरची सालं पुन्हा पाहिली. नव्वद वर्षांत किनारा कुठून कुठे आला, हे सालासकट त्याच्या हातात आलं होतं, आणि त्याने ते कचऱ्यात टाकलं होतं. त्याला लाज वाटली. तरी तोंडातून कचेरीच बोलली.

“समिती पुरावा मागेल. सांगायला काय, कुणीही सांगेल.”

“ओहोटीला बुंधे दिसतात. आणि एक झाड अजून उभं आहे, गुडघाभर खाऱ्या पाण्यात, वाकडं होऊन. ते पोर इथल्याच दवाखान्यात झालं. आईने नवऱ्याच्या चोरून काडेपेटीत घालून नाळ बोटीने पाठवली. मी लावलं झाड. मागच्या वादळात वाटलं, गेलं. नाही गेलं. अजून नारळ देतं.” तिने टेबलाकडे बोट केलं. “ओळी परत घाल. आणि नावं उघड.”

त्याने ओळी परत घातल्या. निळ्या पाण्यात एक्केचाळीस ठिपके पुन्हा उगवले, दूरवरून किनाऱ्यापर्यंत. मग त्याने नावांच्या चौकटीत खूण केली.

किनाऱ्याला लागून असलेल्या शेवटच्या ठिपक्यापुढे अक्षरं उमटली: आपेनिसा, १९७९.