लग्नानंतरचं नाव

“अगं बाई, मेलीच नसेल तर मेल्याची नोंद सापडायची कुठून?” सुमेधा मराठीतच पुटपुटली आणि तिनं मायक्रोफिल्मचं चाक पुन्हा मागं फिरवलं.

“इंग्लिश, सू, इंग्लिश,” शेजारच्या खुर्चीतून आयलीन म्हणाली.

आयलीन पॉवर, वय वर्षं एक्क्याऐंशी, कॅनडातल्या हॅलिफॅक्समधली तिची पस्तीस वर्षांपासूनची शेजारीण. डोळे अधू झाल्यापासून ती दर मंगळवारी सुमेधाला अर्काइव्हजच्या दफ्तरखान्यात ओढून आणायची. नवरा, चारुदत्त, गेल्यापासून सुमेधालाही घर खायला उठे. त्यापेक्षा दुसऱ्याचे पूर्वज बरे, असं म्हणून ती यायची.

शोध आयलीनच्या पणजीचा होता. आयर्लंडमधल्या चर्चच्या नोंदीत तिचा बाप्तिस्मा सापडला होता. नाव होनोरा. कॅनडात येणाऱ्या जहाजाच्या यादीत ‘घरकामाची मुलगी’ म्हणून ती सापडली, हॅलिफॅक्सच्या चर्चमध्ये तिचं लग्न सापडलं, मुलाचा बाप्तिस्माही सापडला. तो मुलगा म्हणजे आयलीनचे आजोबा. तिथून पुढं मात्र बाई गडप. १९०१च्या जनगणनेत पणजोबांच्या घरी बायको म्हणून कुणी अॅनी नांदत होती. थडग्याच्या दगडावर पणजोबांशेजारी अॅनीच.

आयलीननं हिशेब मांडून टाकला होता. होनोरा बाळंतपणात गेली असणार आणि म्हाताऱ्यानं दुसरी केली असणार. आजोबा तरुणपणीच समुद्रात बुडालेले, खरं-खोटं सांगायला कुणी उरलं नव्हतं. लहानपणापासून जिला फुलं वाहिली ती सावत्र निघाली, याचा आयलीनला असा काही राग आला की दोन वर्षं ती त्या थडग्याकडं फिरकली नव्हती. आणि आता महिनाअखेर मुलगा तिला कायमचं कॅल्गरीला नेणार होता. जाण्यापूर्वी सख्ख्या पणजीच्या मातीवर एकदा फूल ठेवायचं, एवढंच तिचं मागणं होतं. पण माती सापडेल तर ना!

मृतांच्या नोंदीत होनोरा नव्हती. अॅनीच्या लग्नाचाही कुठं पत्ता नव्हता. सुमेधानं चष्मा काढून डोळे चोळले.

“लग्नानंतर तिचं नाव काय ठेवलं?”

“पॉवर. माझं माहेरचं आडनाव, अजून तेच लावते मी.”

“आडनाव नाही गं. नाव. फर्स्ट नेम.”

आयलीनला प्रश्नच कळेना. मग सुमेधानं समजावून सांगितलं. आमच्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, आणि दुसऱ्या दिवसापासून बाई त्या नावाला ओ देते. हे आपल्याकडचं, ते त्यांच्याकडचं, हे भान सुमेधाला चाळीस वर्षांनंतरही वेळेवर येत नसे. आयलीन एवढ्यानं हसली, की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं वर बघितलं.

“ओ डिअर! आयरिश लोकांत असलं काही नसतं. बाईचं पहिलं नाव कोण बदलतं, सू?”

सुमेधानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“तू बदललंस,” ती म्हणाली. “आम्ही शेजारी राहायला आलो तेव्हा. अॅपल पाय घेऊन आलीस. सुमेधा इज अ माउथफुल, तोंडात मावत नाही, आय विल कॉल यू सू, म्हणालीस. तेव्हापासून अख्ख्या गल्लीला मी सू आहे.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो अॅपल पाय फार चांगला होता. पण आयलीनचं हसू मावळलं.

“माझी आई सांगायची,” ती हळूच म्हणाली, “पूर्वी मोठ्या घरातल्या बायका कामाला आलेल्या आयरिश मुलींना आपल्या सोयीचं नाव द्यायच्या. मेरी, नाहीतर अॅनी...” तिनं सुमेधाचा दंड धरला. “सू, ती जनगणनेतली अॅनीची ओळ वाच.”

ती ओळ आजवर दोघींनीही पुरती वाचली नव्हती. सावत्र बाईची माहिती कोण कशाला वाचेल? सुमेधानं फिल्म बदलली आणि बोट ठेवून ठेवून वाचलं. जन्मतारीख होनोराच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवसाची. जन्म आयर्लंडमध्ये. कॅनडात आल्याचं सालही होनोराचंच. चर्चला होनोरा होती ती बाकी जगाला अॅनी होती. आयलीन ढसाढसा रडली. आता त्या टेबलावरच्या माणसानं वर बघितलं नाही.

शनिवारी दोघी कब्रस्तानात गेल्या. धुकं होतं, बंदराकडून भोंगा ऐकू येत होता. आयलीननं अंगणातली लायलॅकची जांभळी फुलं दगडापाशी ठेवली, अॅनी या अक्षरांवर हात ठेवला आणि “सॉरी, होनोरा” म्हणाली. दोन वर्षांचा अबोला तिनं तेवढ्या दोन शब्दांत मिटवला.

उठताना तिनं आधारासाठी सुमेधाचा हात धरला, आणि सोडला नाही.

“ते तांदूळ,” ती म्हणाली. “तुझ्या लग्नातही होते?”

“हो तर.”

“म्हणजे सुमेधासुद्धा नंतरचंच?”

सुमेधानं मान डोलावली. सासरी मोठ्या जाऊबाई आधीच तिच्या माहेरच्या नावाच्या होत्या. एका घरात दोघी कशा चालणार? तिला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण सगळ्या जणींचं बदलतं तसं आपलंही, असं म्हणून ती गप्प बसली. आई, अण्णा, दोन्ही भाऊ, त्या नावानं बोलावणारं एकेक माणूस गेलं. मुलांना ते नाव ठाऊक नव्हतं. चारुदत्तनं तर ते कधी उच्चारलंच नव्हतं.

“मग आधी काय होतं?”

स्वतःचं नाव सांगताना सुमेधाची जीभ अडखळली.

“वत्सला.”

आयलीननं ते ओठांतल्या ओठांत दोनदा घोळवलं, एकदा चुकली, पुन्हा सुरुवात केली. मग मान वर करून तिनं चक्क हाक मारली, “वॉट्सला!”

उच्चार साफ चुकला होता. सुमेधानं तरीही, परकर सावरत आईकडं धावावं तशी, ओ दिली.